परीक्षेचा कांदा

सायन्सच्या पहिल्या वर्षाला मी प्रॅक्टिकलमध्ये सपशेल आपटलो. पुन्हा नापास झालास तर कंपनीत हेल्पर म्हणून लागायचं, असं वडिलांनी बजावलं आणि पिंपरीतल्या आपल्या साहेबांकडे शब्दही टाकून ठेवला. कंपनीचं मला वावडं नव्हतं. पण मला शिकायचं होतं, आणि ते घरात कुणी विचारलंच नव्हतं.

परीक्षेत कांद्याच्या मुळाच्या टोकातले क्रोमोसोम दाखवायचे होते. कांदे ज्याचे त्याने आणायचे. माझे मामा चाकणच्या बाजारातले कांद्याचे व्यापारी, त्यामुळे मी निर्धास्त. ‘परीक्षेला कांदे पाहिजेत’ असा निरोप धाडला. मामांनी पाटीभर कांदे पाठवले, एकसारखे, खणखणीत वाळलेले. मी ते बाटल्यांच्या तोंडावर पाण्याला टेकवून ठेवले. आठवडा गेला तरी एकालाही मूळ फुटेना.

शेवटी चाकण गाठलं आणि मुळं फुटणारा कांदा मागितला. मामा दुखावलेच.

“माझ्या कांद्याला मूळ फुटलं, तर बाजारात कोन उभं करंल मला? परीक्षा म्हनलास म्हनून ढिगातला निवडून दिला.”

बरीच मनधरणी केल्यावर त्यांनी वखारीमागे टाकून दिलेले चार कांदे उचलून दिले. “घे. पन कुनाचा हाय ते सांगू नगंस.”

त्या कांद्यांना दोन दिवसांत मुळं आली. परीक्षेच्या सकाळी टोकं कापली, रंगात बुडवली, काचेवर दाबली. सूक्ष्मदर्शकात पेशीच्या मधोमध लाल धागे उमटले. रंग घालण्याआधी तिथे काहीच दिसत नव्हतं. मी हरखून गेलो.

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर होते. “क्रोमोसोमचा अर्थ?”

“ग्रीकमध्ये क्रोमा म्हणजे रंग, सोमा म्हणजे देह. रंग धरणारा देह.”

“आईबापांचे गुण यातूनच पोरांत उतरतात. आपण मराठीत गुणसूत्र म्हणतो. मग त्या ग्रीक नावात नुसता रंग का?”

पाठ केलेलं इथे संपलं. “नाव देणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाला त्यांचं काम ठाऊक नव्हतं, सर. डोळ्यांना दिसलं तेवढंच त्याने सांगितलं. आपलं नाव आलं तोवर काम कळलं होतं.”

सर हसले आणि पुढच्या मुलाकडे वळले.

निकाल लागला, मी पास. दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही वडील इस्त्रीचा शर्ट घालून निघाले.

“साहेबांकडे जाऊन येतो,” म्हणाले. “मुलगा शिकणार आहे, असं सांगायचंय.”