घोंगडीचा मधला जोड

बायांनो, आज माझा लय जळफळाट झालाय. सांगलीच्या प्रदर्शनातून आत्ताच घरी आले, चहासुद्धा न घेता लिहायला बसले.

आमच्या गावच्या घोंगडी संघाचा तिथं स्टॉल होता. बाहत्तरच्या दुष्काळानंतर हा संघ निघाला, तवा माग अरुंद होते. दोन पट्ट्या विणायच्या आणि मधोमध जोडायच्या. जोडायचं काम माझं. माझा जोड बोटानं चाचपूनही सापडायचा न्हाई!

मग संघानं रुंद माग आणला. अख्खी घोंगडी एकसंध निघायला लागली. माग मिळाला माझ्या जावेला, माझी सुई बसली गंजत. त्या मागाचा खटखटाट ऐकू आला की मी दार लावून घ्यायची.

आज बघते तर काय, स्टॉलवर पुन्हा अरुंद मागाच्याच घोंगड्या, आणि विकायला जावेची नात! टाके हे एवढाले, वाकडेतिकडे. ती पुण्याच्या एका बाईंना ऐटीत सांगत होती, "ह्यो जोड बघा ताई. जोड दिसला की समजायचं, जुन्या मागाची हाय." बाई त्या टाक्यांचे फोटो काढत होत्या!

मला राहवलं न्हाई. माझ्या हातची जुनी घोंगडी मी मुद्दाम नेली होती, ती पुढ्यात पसरली.

बाईंनी उलटीपालटी करून बघितली. "आजी, हिला जोड कुठंय? ही मशीनची दिसते."

मी दाखवायला बोट फिरवलं. मलाच सापडेना.

आता तुमीच सांगा, जळायचं तरी कुणावर?