शेपटीपासून एक वीत

मला पोहता येत नाही. समुद्राशी माझा संबंध एवढाच, की गेली अकरा वर्षं मी अबूधाबीजवळच्या मुसफ्फात एका फायबरग्लासच्या वर्कशॉपचा मॅनेजर आहे. पाण्याच्या टाक्या, मच्छीमारांच्या बोटी, वॉचमनच्या केबिनी असलं सगळं आम्ही बनवतो. मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे. भिंतींना कमरेच्या उंचीवर आडव्या ट्यूबलाइट लावल्यात, म्हणजे बाजूनं उजेड पडला की सर्फबोर्डावरचा बारीकसा खळगासुद्धा सावली टाकतो. तिथं पूर्वी हे लाटांवर उभं राहून चालवायचे बोर्ड बनायचे. आता नुसती दुरुस्ती होते, तीही महिन्याकाठी एखादी.

हे वर्कशॉप ज्यांनी काढलं ते जुने मालक गोरे होते आणि स्वतः शेपर होते. शेपर म्हणजे फोमच्या ठोकळ्याला रंधा आणि पॉलिशपेपर मारून बोर्डाचा आकार देणारा कारागीर. आकार झाला, की मधल्या लाकडी पट्टीजवळ तो पेन्सिलीनं लांबीरुंदीचे आकडे टाकतो आणि खाली सही करतो. मग वरून फायबरचं कापड आणि रेझिन चढतं आणि सही कायमची आत बंद होते. त्यामुळे जुने बोर्ड गोळा करणारे लोक आधी सही बघतात, बोर्ड मागाहून. जुने मालक मायदेशी परत गेले आणि तिकडेच वारले. ते इथं होते तेव्हा त्यांचे बोर्ड लोक गॅरेजमध्ये सायकलींच्या मागे टाकायचे. ते गेल्यावर त्याच बोर्डांची पूजा सुरू झाली. आपल्याकडे माणसांच्या बाबतीत हेच होतं, म्हणून मला नवल वाटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात खलिफा सिटीतून एक इंग्रज आला. देश सोडून चाललेल्या कुणाच्या तरी व्हिलातून त्यानं साडेनऊ फुटांचा एक बोर्ड घेतला होता. चादरीत गुंडाळून, आजारी माणसाला आणावं तसा त्यानं तो आत आणला. बोर्ड पिवळा पडला होता, एका कडेला तडा होता. मी म्हटलं, घासून, पॉलिश करून एकदम नवा करून देतो. त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्या आईला काहीतरी बोललो. पिवळेपणाला हात लावायचा नाही, फक्त तडा बुजवायचा, असं त्यानं मला दोनदा बजावलं. शिवाय त्याला वर्कशॉपच्या लेटरहेडवर एक पत्र हवं होतं: हा बोर्ड जुन्या मालकांच्याच हातचा आहे म्हणून.

दुरुस्तीचं काम चाचांचं. चाचा रत्नागिरीकडचे, वय चौसष्ट, आमच्याकडे बत्तीस वर्षं. सगळे त्यांना चाचाच म्हणायचे, मीही. वयामुळे त्यांचा व्हिसा आता पुढे वाढणार नव्हता. दोन महिन्यांनी ते कायमचे गावी जाणार होते.

त्यांनी बोर्ड लाकडी घोडीवर उलटा ठेवला, डोळे मिटले आणि कडेवरून हात फिरवत पुढून मागे गेले. मग परत आले.

“साहेब, ह्यो माझा हाय.”

“सही जुन्या मालकांची आहे, चाचा.”

“सही त्यांचीच. काम माझा.”

चाचा सांगू लागले: हा बोर्ड बनला त्या वर्षी जुन्या मालकांची कंबर धरली होती, रंधा मारायला वाकताच येईना. ऑर्डरी तर घेऊन ठेवलेल्या. तेव्हा आकार चाचांनी दिला आणि मालकांनी स्टुलावर बसून सही केली. असे बोर्ड किती, ते चाचांना आठवत नव्हतं. मला हे पटेना. मी कागद बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणारा माणूस नाही, आणि याचा मला बऱ्यापैकी अभिमानही आहे. चाचांना ते ठाऊक होतं.

“टेप आना,” ते म्हणाले. “शेपटीपासून पंखापत्तर मापा.”

बोर्डाच्या पोटाला मागच्या बाजूला माशासारखा एक पंख असतो. या जुन्या बोर्डांत तो पक्का बसवलेला, नंतर हलत नाही. मी मापलं. आठ इंचांहून थोडं जास्त आणि साडेआठांहून थोडं कमी आलं. जुने मालक इंचाचे पक्के होते. त्यांच्या हातचे दोन बोर्ड ऑफिसात टांगलेले आहेत, दोन्हींचं अंतर बरोबर नऊ. चाचांनी अंगठा शेपटीवर टेकवला आणि करंगळी ताणली. ती पंखाला जाऊन लागली, कागदसुद्धा मधे शिरला नसता. त्यांचे वडील गावी होड्या बांधायचे आणि सगळी मापं वितीत आणि बोटांत घ्यायचे. चाचांनी तेच उचललं होतं. मी माझीही वीत लावून पाहिली. ती बोटभर कमी पडली.

“पत्रात माझा नाव टाका, साहेब,” ते म्हणाले. त्यांनी आजवर माझ्याकडे सुट्टीशिवाय काही मागितलं नव्हतं. “बत्तीस वर्सा झाली. गावात समदे बोलतात, टाक्या बनवतो. एक कागद असला तर बरा. मी काय केला तो लोकांना कलंल.”

मी “बघतो” म्हटलं. माझ्या बघतोचा अर्थ आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना कळतो, चाचांनी मात्र तो होकार धरला.

नव्या मालकांना फोन केला. ते दुबईला असतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अरे यार, साइन जिसका है उसका लिखो. एक बोर्ड का बोलोगे तो बाकी सब बोर्डवाले कल आके खड़े हो जाएंगे. लेटर दे दो, खलास.”

त्यांचंही चूक नव्हतं. रात्री मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घरी जेवताना मी ही हकीकत सांगितली, तर आमची बारा वर्षांची कन्या ताटातून मान वर न करता म्हणाली, “सो हू मेड इट?” मी म्हटलं, चाचांनी. “देन राइट दॅट, ना.” मी तिला म्हटलं, बाळ, नोकरी म्हणजे काय ते तुला कळायला अवकाश आहे. ती जेवत राहिली. मीही दही वाढून घेतलं.

पत्र मी स्वतः टाइप केलं, इंग्रजीत. हा बोर्ड आमच्या वर्कशॉपमध्ये तयार झाला आहे, आणि त्यावरची सही आमच्या संस्थापकांची असून ती अस्सल आहे. बस, एवढंच. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. नरो वा कुंजरो वा. साप मेला आणि काठीही शाबूत, म्हणून मी स्वतःवर खूशही झालो. आता सांगायला लाज वाटते, पण खूश झालो होतो.

इंग्रज बोर्ड न्यायला आला त्या दिवशी चाचा धुतलेला शर्ट घालून आले होते. पत्र टेबलावर होतं. चाचांना उर्दू आणि मराठी येतं, इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी पत्र दोन्ही हातांनी उचललं आणि मला विचारलं, “माझा नाव आला ना?”

इंग्रज समोर उभा होता. चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते. खोटं बोलावं लागू नये म्हणून एवढ्या विचारानं लिहिलेल्या त्या पत्राचा काही उपयोग झाला नाही.

“आलं,” मी म्हटलं.

इतकी वर्षं मी चाचांना सेफ्टीचा मास्क घाला म्हणून ओरडत आलो, पण ते असे हसलेले मी पाहिले नव्हते. त्यांनी इंग्रजापुढे हात केला. इंग्रजानं तो हातात घेतला, “थँक यू, थँक यू” केलं आणि बोर्ड गाडीच्या टपावर बांधायला मदत कराल का असं विचारलं. चाचांनी स्वतःच्या हातांनी पट्टे आवळले. खाली काथ्या लावू नका, टॉवेल घाला, कड दबेल, असं त्याला हिंदीतून समजावलं. जाण्याआधी त्यांनी पत्र पुन्हा मागून घेतलं, गाडीच्या बॉनेटवर पसरलं आणि मोबाइलवर फोटो काढला.

“मुलीला धाडतो,” ते म्हणाले. “रत्नागिरीला शाळेत इंग्लिश शिकवते ती. वाचून सांगंल मना.”

 फोन हिसकावून घ्यावा असं वाटलं. त्याऐवजी मी “हो, हो, पाठवा” म्हटलं आणि ऑफिसात जाऊन बसलो. दुपारी जेवलो नाही. चाचा तावातावानं आत येतील, विचारतील, तेव्हा काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. मालकांवर ढकलायचं एवढं ठरलं होतं. ते आले नाहीत. पाच वाजता कंपनीची बस आली आणि ते तीत बसून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार ढकलून ते आत आले. हातात खजुराचा डबा होता. डबा त्यांनी माझ्यासमोर उघडून ठेवला.

“मुलीनं वाचलान,” ते म्हणाले. “दोनदा वाचलान. बोलली, अब्बा, तुमचा नाव इंग्लिशमदी किती बरा दिसता. घ्या, तोंड गोड करा.”

मी एक खजूर उचलला आणि खाल्ला. ते समोर उभे होते, म्हणून दुसराही खाल्ला.

त्या पत्रात काय होतं आणि काय नव्हतं हे त्या मुलीनं पहिल्याच वाचनात ओळखलं असणार. ती इंग्रजीच शिकवते. नवं पत्र करून द्यावं असं त्या दोन महिन्यांत माझ्या बऱ्याचदा मनात आलं. पण आता खरं बोलायचं म्हणजे बापासमोर तिलाही खोटं पाडायचं. चाचा गेले. जाताना मला मिठी मारून गेले. त्यांच्या मुलीला मी कधी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. पण मी कसा माणूस आहे हे तिला माझ्या बायकोपेक्षा नीट ठाऊक आहे, आणि तरीही तिनं माझं खोटं माझ्याकडून काढून घेतलं आणि स्वतःच्या नावावर सांगितलं.