चार बोटं अलीकडे

भोपाळच्या मराठी मंडळींत नीळकंठराव खानझोड्यांइतकी माणसं कोणी बडवली नसतील, आणि त्यांच्याइतका निरुपद्रवी माणूसही दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. सोनागिरीजवळच्या कारखान्यात लेथवर हयात घालवून रिटायर झालेला हा सहा फुटी नागपूरकर गणपतीच्या नाटकात कायमचा खलनायक. कोणाचा गळा दाब, कोणाला लाथ घाल, सुनेला फरफटत ने. घरी मात्र झुरळ निघालं की चप्पल बायकोने, सिंधूताईंनी, उचलायची.

त्यांची थप्पड मंडळात मशहूर होती. हात खांद्यापासून असा सुटायचा की पहिल्या रांगेतल्या बायका डोळे मिटून घ्यायच्या, आणि गालाच्या चार बोटं अलीकडे तो थांबायचा. आवाज मार खाणाऱ्याने करायचा, छातीपाशी लपवून स्वतःच्याच हातांची टाळी वाजवून. नवख्यांना ते समजावत, "थप्पड मारणाऱ्याची नसते रे, खाणाऱ्याची असते. कधी पडायचं ते त्याने ठरवायचं." इतक्या वर्षांत एकाच्याही गालावर वळ उठला नव्हता, याचा त्यांना कोण अभिमान.

यंदा तुलसी नगरातल्या जितेंद्रने स्वतः नाटक लिहिलं आणि बसवायलाही घेतलं. सरकारी कचेरीत फायली हलवणारा हा माणूस थेट वेस्ट इंडिजच्या एका बेटावर जाऊन पोचला, तेही दोन-अडीचशे वर्षांमागे. उसाचे मळे, साखरेचे घाणे, आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेले गुलाम. नीळकंठरावांकडे अर्थातच मुकादम, हातात आसूड. दुसऱ्या अंकात चरकाच्या रुळांमध्ये एका गुलामाचा हात जातो. चरक थांबवायचा नाही हा नियम, म्हणून शेजारीच कुऱ्हाड टांगलेली. मुकादम ती त्याच्या बहिणीच्या हातात देतो आणि म्हणतो, तोड. ती तोडते, आणि घाणा फिरतच राहतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कारखान्यातल्या माणसांनी नकळत आपापली बोटं मिटून घेतली. मशीनपाशी आयुष्य गेलेल्यांना रूळ हाताचं काय करतो ते सांगावं लागत नाही. पुढे गुलाम मळे पेटवतात, आणि शेवटच्या प्रवेशात तीच बहीण त्याच कुऱ्हाडीने मुकादमाची मान उडवते.

कमिटीला हे फार झालं. गणपतीत लेकरंबाळं येतात, मान कशाला उडवता. त्यापेक्षा एखादा भला गव्हर्नर येऊन स्वातंत्र्य जाहीर करू दे, टाळ्या पडतील. जितेंद्र डळमळला. बहिणीचं काम शमिकाकडे होतं. एरवी चहा हवा का विचारलं तरी मानेनेच सांगणारी ती मुलगी त्या दिवशी बोलली. बंड फसलं की गुलामांची मुंडकी खांबांवर टांगायचे, हे तुम्हीच आम्हाला वाचून दाखवलंत ना, तिने जितेंद्रला विचारलं. तरी पुन्हा पुन्हा बंडं झाली, मग ते पुसून गव्हर्नरला कशाला आणता? कमिटीने गव्हर्नर मागे घेतला आणि शेवट होता तसा राहिला.

शमिका साकेत नगरात एका लॅबमध्ये रक्त तपासायची. नवरा सत्यजित कारखान्यात इंजिनिअर. वर्गणी वेळेवर देणारा, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणारा, सगळ्यांच्या मते सोन्यासारखा मुलगा. तिला थप्पड खायला शिकवावंच लागलं नाही. हात सुटायच्या आत तिचे दात आवळले जायचे, कोपर कानावर यायचं, आणि पोट वाचवत ती कुशीवर पडायची. नीळकंठराव बेहद्द खूश. कुठे शिकलीस गं, त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. "घरीच," ती म्हणाली. हशा पिकला.

जेवताना त्यांनी हा विनोद सिंधूताईंना ऐकवला. सिंधूताई नाटकाचे कपडे शिवायच्या. त्या हसल्या नाहीत. "अहो, ती खरं सांगत होती," त्या म्हणाल्या. मापं घेताना दंडावरचे काळेनिळे डाग त्यांनी पाहिले होते, आणि विचारल्यावर शमिकाने लपवलंही नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून हे चाललं होतं. तिचा पगार सत्यजितच्या खात्यात, फोन त्याच्या ताब्यात. अकोल्याला आईला सांगितलं तर आई म्हणाली, जुळवून घे. आता नाटक संपलं की नोकरीही सोडायची, असा हुकूम निघाला होता. आणि नोकरी गेली की त्या घरातून ती कधीच सुटणार नव्हती. आपण तिच्या पडण्याला वाहवा दिली, या विचाराने नीळकंठरावांना स्वतःची किळस आली.

रंगीत तालमीच्या रविवारी, सकाळीच, सत्यजित हॉलच्या आवारात स्कूटर लावून उभा राहिला. चहासाठी सगळे बाहेर आले तशी त्याने शमिकाला हाक मारली, चल घरी. शेवटचा प्रवेश बाकी आहे, ती म्हणाली. तो पुन्हा चल म्हणाला. तिने मान हलवली.

त्याने तिचे केस मुठीत धरले आणि डोकं स्कूटरच्या हँडलवर आपटलं. कपाळ फुटलं. मग एक थप्पड, मग दुसरी. गोणपाट नेसलेले वीस गुलाम तिथे उभे होते, हातांत प्लायवूडचे कोयते. घटकेपूर्वी याच शूरवीरांनी अख्खा मळा जाळला होता. आता कोणी चहाच्या कपात बघत होतं, कोणी चपला शोधत होतं. नवरा-बायकोचा मामला आहे, आपण मध्ये कशाला पडा, जितेंद्र पुटपुटला. असले बंडखोर त्या बेटावर असते तर कोणी काडीसुद्धा ओढली नसती.

नीळकंठराव मुकादमाच्या बुटांत तरातरा पुढे गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणाला तरी खरं मारायचं होतं, दात पडतील असं मारायचं होतं. हात खांद्यापासून सुटला. आणि सत्यजितच्या गालाच्या चार बोटं अलीकडे थांबला.

हाताला दुसरं काही येतच नव्हतं. नीळकंठराव आपल्याच पंजाकडे बघत राहिले. सत्यजितही क्षणभर गोंधळला, आणि मग त्याने त्यांच्या नाकावर ठोसा घातला. हाड मोडलं, त्या आवाजाला कोणाच्या टाळीची गरज पडली नाही. म्हातारा खाली कोसळला तशा त्याच्या बरगड्यांत लाथा बसू लागल्या. पडावं कसं हे जन्मभर शिकवणाऱ्या माणसाला कोपर कानावर घ्यायचंही सुचलं नाही.

शमिकाने स्कूटरला अडकवलेलं हेल्मेट ओढून काढलं आणि दोन्ही हातांनी सत्यजितच्या जबड्यावर हाणलं. तो गुडघ्यांवर आला. तिने पुन्हा हाणलं. दोन दात फरशीवर पडले. बस, बस म्हणत त्याने हात वर केले तेव्हा तिने हातांवर हाणलं, मग खांद्यावर, मग पाठीवर. तिचा हात कुठेही थांबायला शिकलेला नव्हता. शेवटी चार गुलामांनी मिळून तिला मागे ओढलं. मालकाला वाचवायचं म्हटल्यावर त्यांच्या अंगात बरोबर बळ आलं.

पोलीस ठाण्यात हवालदाराने विचारलं, मारा किसने? नाकात कापूस कोंबलेले नीळकंठराव पुढे झाले. "मैंने मारा," ते म्हणाले. "हेल्मेट भी मैंने ही चलाया." जितेंद्रने लगेच मान डोलावली. सगळ्यांच्या सोयीचं होतं ते. रिटायर म्हातारा, दोन्हीकडे जखमा, समझोता होऊन जाईल. जबड्याला रुमाल धरून बसलेल्या सत्यजितनेही मान डोलावली. बायकोने दात पाडले हे कारखान्यात कळण्यापेक्षा म्हाताऱ्याने पाडले हे बरं. समझोता झाला की तो तिला स्कूटरवर बसवून घरी नेणार होता आणि दार लावून घेणार होता. हे त्या खोलीत एकट्या शमिकाला दिसत होतं.

"नहीं," ती म्हणाली. "मैंने मारा. लिखिए." मग ती नीळकंठरावांकडे वळली. त्यांचा सुजलेला चेहरा बघून तिला रडू फुटलं, पण ती बोलायची थांबली नाही. "काका, तुमचा हात पोचला नाही. माझा पोचला. तो मी कोणाच्या नावावर करणार नाही. तुमच्यासुद्धा."

हवालदाराने समजावून पाहिलं, मॅडम, केस आप पर बनेगा, नौकरी का सोचिए. बनने दीजिए, ती म्हणाली, मगर शुरू से लिखिए, शादी के दूसरे महीने से. सत्यजित उठायला लागला तशी हवालदाराने त्याला बसायची खूण केली. ती सांगत गेली, हवालदार लिहीत गेला, आणि सत्यजितला ते सगळं बसून ऐकावं लागलं.