अजून उतरतील

साळवेभाऊ रविवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडायचे ते दुसऱ्यांच्या बाल्कन्या बघायला. मानपाड्याच्या बाजूला तेव्हा इमारतीमागून इमारत उठत होती. एखाद्या नव्या इमारतीसमोर कमरेवर हात ठेवून, मान वर करून ते खुशाल उभे राहायचे. एकदा वॉचमनने चोर समजून हटकलं, तर त्यालाच म्हणाले, "चोरी कसली करू बाबा? आत माणूसच राहत नाही, तर चोरायला आहे काय?"

त्यांना बघायचे असायचे ते दोरीवर वाळत घातलेले कपडे. सगळे फ्लॅट विकले गेलेत असं बिल्डर छातीठोकपणे सांगायचा, आणि कपडे दिसायचे चार-दोन बाल्कन्यांत. मग भाऊ कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला गाठायचे आणि या इमारतीत दुधाच्या पिशव्या किती जातात ते विचारायचे. "घेणारे राहायला आलेच नाहीत," घरी येऊन ते आम्हाला सांगायचे. "पुढे महाग विकू म्हणून घेऊन ठेवलंय सगळ्यांनी. उद्या यातला एक घाबरला की बाकीचे विकायला पळत सुटतील. वहिनी, जिथे दूध जात नाही ना, तिथला भाव खोटा."

डोंबिवली पूर्वेला एका चाळीत आम्ही भिंतीला भिंत लावून राहत होतो. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर जागांचे भाव असे काही चढले, की आम्ही चाळकऱ्यांनी फ्लॅटचं नाव काढणंच सोडलं होतं. मग वारं फिरलं. भाव आधी थबकले, नंतर उतरणीला लागले, आणि अख्खी चाळ भाऊंच्या दारात सल्ला विचारायला येऊ लागली. भाऊ वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तयार माल तपासायचे. खोट असलेला नग बाजूला काढणं हीच त्यांची नोकरी. "घाईत घेतलेली वस्तू रिजेक्टच निघते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी काहीही विचारो, उत्तर एकच: "थांबा. अजून उतरतील." आणि खरंच उतरायचे. भाऊंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं चाळीत सगळे मानू लागले.

घर खरं हवं होतं ते त्यांच्या बायकोला, सुमनताईंना. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेल्यावर दोघंच उरली होती. संधिवाताने सुमनताईंचे गुडघे धरले होते. चाळीचे संडास अंगणाच्या पार पलीकडे, सगळ्यांचे मिळून. बादली घेऊन, भिंतीला हात लावत त्या तिथवर जायच्या, आणि आत जरा वेळ लागला की बाहेरून कुणीतरी दार ठोठावायचं. दिवसाउजेडी रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून ही बाई दुपारभर पाणी पीत नसे. "मला हॉल नको, गॅलरी नको," त्या म्हणायच्या. "घरात संडास असलेली एक खोली घ्या, बस्स." भाऊ हातातला पेपर खाली ठेवायचे. "घेतो गं. पैशाची सोय केलेली आहे. पण आज घेतलं तर फसू. दिवाळीपर्यंत थांब." हे ते प्रेमानेच सांगायचे, मी मुद्दाम लिहिते आहे. चांगला माणूस होता तो. कामावरून आल्यावर बायकोच्या गुडघ्यांना स्वतः तेल चोळून द्यायचा.

आम्ही काही थांबलो नाही. नवरा उतावळा आणि मी त्याच्याहून. जवळच एक फ्लॅट घेऊन मोकळे झालो. ऐकून भाऊंनी असा चेहरा केला, की जणू आमच्या घरात कुणी आजारी पडलंय. "वहिनी, घाई केलीत हो!" त्यांचं बरोबरच होतं. वर्षाच्या आत शेजारचा तस्साच फ्लॅट आमच्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात गेला आणि आमच्या ह्यांना कितीतरी दिवस जेवण गोड लागेना.

दोघं घर बघायला आली. भाऊ भिंतींवर टिचक्या मारत, कुठे पोकळ वाजतंय का ते बघत फिरत होते. सुमनताई संडासात गेल्या त्या बराच वेळ बाहेर येईनात. मी हाक मारणार तेवढ्यात आल्या. तोंड धुतलेलं, डोळे लाल. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "अगं, एवढा वेळ बसले, कुणी दार वाजवलं नाही."

माझ्याने राहवलं नाही. "भाऊ, आता पुरे झालं तुमचं. घेऊन टाका एक," मी म्हटलं. बशीत चहा ओतत ते हसले. "तुमचं घर बघूनच सांगतो वहिनी, अजून उतरतील." सुमनताईही हसल्या. त्यांचा नवऱ्यावर भारी विश्वास. मला मात्र त्या माणसाचा इतका राग आला, की मी दुसऱ्या चहाचं विचारलंसुद्धा नाही. भाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी तो राग गेलेला नाही. आठवण आली की रडू येतं आणि रागही येतो, दोन्ही एकदम.

दिवाळीचा वायदा चौदा एप्रिलवर गेला, तिथून पुन्हा दिवाळीवर. भाव खाली येतच होते. भाऊंचा हिशेब कुठेही चुकत नव्हता. आणि एका पहाटे, गर्दी व्हायच्या आत जाऊन यावं म्हणून निघालेल्या सुमनताई संडासापाशी शेवाळलेल्या फरशीवर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. भाऊंनी लांब रजा टाकली आणि त्यांचं सगळं अंथरुणातच केलं. भांडं द्यायला घेतलं की सुमनताई तोंड भिंतीकडे वळवायच्या. "तुमच्या हातनं हे करून घ्यायचं राहिलं होतं का हो माझ्या नशिबी?" मी तिथे होते. त्याच आठवड्यात भाऊंनी मानपाड्याला तळमजल्यावरचा एक तयार फ्लॅट घेतला. ना दोरीवरचे कपडे बघितले, ना दूधवाल्याला गाठलं, ना घासाघीस केली. किल्ली आणून बायकोच्या हातात ठेवली. तिने ती उलटसुलट करून बघितली. "छान झालं," म्हणाली. "पण आता मला उठता कुठे येतंय?"

छातीत कफ भरण्याचं निमित्त झालं आणि नव्या घरी सामान हलवायच्या आतच त्या गेल्या. त्यांचा जलदान विधी भाऊंनी त्या नव्या घरातच केला. चाळीतली सगळी माणसं आली होती. त्यातल्या एकाने, वाईट मनाने नव्हे, काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "काही म्हणा भाऊ, घेतलंत मात्र बरोब्बर तळाला. याच्या खाली आता भाव जात नाहीत." भाऊंनी मान हलवली. "हो," म्हणाले, "अंदाज बरोबर आला."

लोक पांगल्यावर मी त्यांना पाणी नेऊन दिलं. ते भिंतीला टेकून खालीच बसले होते. पेला घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"वहिनी, मी एकदा तरी चुकायला हवं होतं हो," ते म्हणाले. "एकदा भाव चढले असते, तर घाबरून तरी घेतलं असतं तिच्यासाठी."