वडिलांच्या गादीची दाढी

वडील गेले तेव्हा त्यांची गादी मी जठारपेठेतल्या गाद्या पिंजणाऱ्याला दिली. ‘जाळून टाका,’ असं बजावलंही. ‘हो जी,’ म्हणत त्यानं मिशीवरचा कापूस टिचकीनं उडवला.

परवा मोबाईलवर एक फिल्म लागली. कॉलेजच्या पोरींनी लाडक्या कादंबरीतल्या जादूनगरीवर, पदरमोड करून, चिखलदऱ्याला काढलेली. त्यातला म्हातारा जादूगार मिशीवर टिचकी मारत होता! गुडघ्यापर्यंत पांढरी दाढी. हा तर तोच पिंजणारा! फिल्म अर्धवट टाकून तडक त्याचं दुकान गाठलं.

“दाढी कशाची होती?”

“तुमच्याच गादीची ना जी.”

“मेलेल्या माणसाची गादी!” मी ओरडलो.

“माणूस मरते जी. कापूस मरते का? पिंजला का नवा होते.”

फिल्मच्या शेवटी जादूगार मरतो म्हणे. तेवढं अजून मला पाहवलेलं नाही.