वापरतंच कोण?

माझी थोरली बहीण अहिल्याताई झाशीत बडा बाजारच्या मागे राहते आणि नोकरी करून उरलेल्या वेळात एक मुक्त सॉफ्टवेअर सांभाळते. फाइली लहान करून ठेवणारं ते पॅकेज कुणीही फुकट घ्यावं. ताई ते निरनिराळ्या प्रोसेसरांवर तयार करून तपासते. जुन्या बत्तीस बिटवाल्यांसाठी तिने घरात एक म्हातारा कॉम्प्युटर ठेवलाय, कारण नव्या मशीनला जुन्याचं सोंग घ्यायला लावून केलेली चाचणी तिला पटत नाही.

परवा गेलो तर ती भडकलेली होती. प्रकल्पातल्या बाकीच्यांनी तिला न विचारता बत्तीस बिटचं काम बंद केलं होतं. कारण काय, तर म्हणे आता ते वापरतंच कोण?

"मोठ नावाच्या गावातल्या शाळेत वापरतात, चिरगावच्या दवाखान्यात वापरतात," ताई म्हणाली. "थोडे आहेत म्हणून वाऱ्यावर सोडायचं? राबते मी, यांच्या बापाचं काय जातं?" हेच तिने त्यांना लिहूनही पाठवलं, फक्त बाप तेवढा गाळला.

तेवढ्यात भाची रेवा कॉलेजातून आली. जेवणार का, असं ताईने विचारलं. पोरीने हिंदीत उत्तर दिलं. ताई आधीच पेटलेली, म्हणाली, "मराठीत बोल."

"मम्मी, यहाँ मराठी बोलता ही कौन है?"

त्यावर ताईने तिला जे झापलं, ते सगळ्या गल्लीने ऐकलं. गल्लीला ते समजलंही, कारण ताई पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत हिंदीत बोलत होती.