तुमचं मत कोण ठरवतं

त्यानं माझ्या गळ्यातलं ओळखपत्र मुठीत धरलं आणि ओढलं. पट्टी मानेत रुतली. शेळीला दाव्यानं न्यावं तसं त्यानं मला भर दुपारी रस्त्यावरून आपल्या गुऱ्हाळात नेलं. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. मी एकदा पडले. तो थांबला नाही. गुडघे सोलून निघाले.

गुऱ्हाळात चुलवण पेटलं होतं, वर काहिलीत रस उकळत होता. त्यानं ओळखपत्र डोळ्यांसमोर धरलं आणि माझं आडनाव मोठ्यानं वाचलं. कामावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग पट्टी सोडली, पाणी मागवलं आणि माझ्यासमोर साबण लावून हात धुतले. दोनदा.

"आता कळलं," तो म्हणाला. "म्हणून ही आमच्या गावात मतं इचारत फिरती."

त्याला गाव तात्या म्हणायचं.

मी सोलापूरची. आई युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसते. मी राज्यशास्त्रात एम.ए. केलं, नोकरी मिळेना, म्हणून सर्वेक्षणाच्या कामाला लागले. ऑफिस जुळे सोलापुरात, एका फ्लॅटमध्ये. करकंबच्या पुढचं एक गाव मला दिलं होतं. त्या गावात ग्रामपंचायतीसाठी आजवर मतदानच झालेलं नव्हतं. आमदार-खासदाराला मतं पडायची, पण गावचे सदस्य तात्याच्या ओसरीवर ठरायचे. बिनविरोध. गावाच्या वेशीवर तशी पाटीसुद्धा होती. या खेपेला धनगरवस्तीवरच्या एका सुनेनं अर्ज भरला आणि काही केल्या मागं घेतला नाही. म्हणजे पहिल्यांदा मतपेटी लागणार होती. त्याआधी लोकांच्या मनात काय आहे ते घरोघर विचारून यायचं, एवढंच माझं काम. कागदी फॉर्म. वर घर क्रमांक, खाली प्रश्न.

एक प्रश्न असा होता: मत कुणाला द्यायचं हे तुमच्या घरात कोण ठरवतं?

दोन दिवस मी तो विचारत फिरले. बहुतेकांनी एकच उत्तर दिलं. तात्या. पुरुष हसून सांगायचे, बाया आत बघून सांगायच्या. पाच-सहा घरांनी मात्र वेगळं सांगितलं, तेही दार लोटून घेऊन.

त्यातली एक सखूबाई. साठीची, विधवा, दहा-बारा शेरडं राखणारी. बाभळीखाली बसली होती. तिनं प्रश्न मला दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, "हे कुणाला कळंल का?"

"नाही मावशी. कुणालाच नाही."

"मग लिव्ह. माजं मत मी ठरवणार. आजवर कुनी इचारलंच न्हाय की."

मी लिहिलं. मला फार बरं वाटलं. मी शिकले त्याचं चीज झालं असं वाटलं. कुणाला कळणार नाही हा शब्द माझा होता. फॉर्मवर घर क्रमांक होता, हे मला ठाऊक होतं. तरी मी तो शब्द दिला.

तिसऱ्या दिवशी तात्यानं मला धरलं.

गुऱ्हाळात त्याच्या पुतण्यानं माझी पिशवी उलटी केली. फॉर्मांचा गठ्ठा घेतला आणि एकेक वाचू लागला. आधी घर क्रमांक, मग उत्तर. कोणत्या क्रमांकाला कोण राहतं हे त्याला पाठ होतं. तात्या, तात्या, तात्या. समोर तात्या मान डोलवत बसला होता. मग सखूबाईचा फॉर्म आला.

तिला आणायला दोघं गेले. केसाला धरून आणली. मोळीतला ऊस उपसून तात्यानं तिला मारायला सुरुवात केली. पाठीवर, दंडावर, कानशिलावर. ऊस मोडला. त्यानं दुसरा घेतला. तिच्या कानातून रक्त आलं, लुगड्यावर सांडलं. चरकात ऊस टाकणारे ऊस टाकत राहिले. सखूबाई ओरडली नाही. ती माझ्याकडं बघत होती. त्याच्याकडं नाही, माझ्याकडं.

मग त्यानं कोरे फॉर्म माझ्या अंगावर फेकले. म्हणाला, सगळ्या घरांचं उत्तर एकच लिही, गाव एकमतानं चालतंय.

मी लिहिलं.

हे मी लपवणार नाही. मी मातीत बसून तीन फॉर्म भरले. तीन घरांच्या तोंडात त्याचं नाव घातलं. अक्षर वळणदार काढलं, त्यानं चिडू नये म्हणून. एवढं लिहून दिलं की सुटेन, एसटी पकडेन, घरी जाईन, एवढंच डोक्यात होतं.

चौथा फॉर्म घेतला तेव्हा शेजारून आवाज आला. सखूबाई पालथी पडली होती. तोंडात माती गेली होती.

"माजं हाय तसं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

माझा हात थांबला. मार तिनं खाल्ला होता आणि खोटं मी लिहीत होते. ज्या उत्तरापायी तिचं रक्त निघालं ते तिला अजून हवं होतं. मला माझीच शिसारी आली.

पुतण्याच्या हातात अजून न वाचलेले फॉर्म होते. दार लोटून बोललेली बाकीची घरं त्यातच होती. मी उठले. त्याच्या हातातून गठ्ठा हिसकला. सखूबाईचा फॉर्म तेवढा वर होता, तो कुडत्यात खुपसला. बाकी सगळा गठ्ठा चुलवणात फेकला. मी लिहिलेले तीनही उचलून त्यातच टाकले. कागद धडाडून पेटले.

तात्यानं मला लाथेनं पाडलं. तोंडावर बूट मारला. पुढचे दोन दात तिथंच पडले. मग मानेला धरून माझं डोकं चुलवणाच्या तोंडाशी नेलं. केस जळाल्याचा वास मला आधी आला, चटका नंतर कळला. मी त्याच्या मनगटाला चावले. हाडाला लागेपर्यंत चावले. त्या धुतलेल्या हाताचं रक्त माझ्या तोंडात आलं. शेवटी गूळ काढणाऱ्या म्हाताऱ्यानं त्याला मागं ओढलं. "तात्या, मरंल ती," एवढंच म्हणाला. तेवढ्यात मी निसटले आणि सोलापूर गाठलं.

ऑफिसात साहेबांनी माझं तोंड बघितलं, पाणी दिलं आणि फॉर्मांचं नवं पॅड पुढं सरकवलं. रिपोर्ट द्यायचा आहे, इथंच टेबलावर बसून भरून टाक, म्हणाले. मी सखूबाईचा फॉर्म काढून ठेवला. गावातून एवढंच खरं आणलंय, म्हटलं. एका फॉर्मानं सर्व्हे होत नसतो, ते म्हणाले. मी तो फॉर्म उचलला आणि ती नोकरी तिथंच सोडली.

तक्रार द्यायला गेले तेव्हा सखूबाई आपली तक्रार घेऊन आधीच पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसली होती, कानात कापूस घालून. आम्हाला सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत बसवून ठेवलं. आम्ही उठलो नाही. अ‍ॅट्रॉसिटी लावायला हवालदार तयार नव्हता. मी कलम सांगितलं, ठाण्याच्या साहेबाला बोलवा म्हटलं, तेव्हा लावली. जबाबात मी भरलेल्या तीन खोट्या फॉर्मांचंही सांगितलं. ते कशाला लिहायचं, हवालदार म्हणाला. लिहा, मी म्हटलं.

मतदान झालं. सखूबाई रांगेत पहिली उभी होती. धनगरवस्तीवरची सून पडली. तात्याचीच माणसं निवडून आली. तो जामिनावर सुटला तेव्हा त्याच्या गळ्यात हार घातले.

गेल्या आठवड्यात तात्याच्या वतीनं दोन प्रतिष्ठित माणसं आमच्या घरी आली. माझ्या भावाला साखर कारखान्यात चिकटवतो म्हणाली. केस मागं घ्या, पोरगी लग्नाची आहे. आई त्यांच्यासमोरच माझ्या पाया पडली. म्हणाली, "मिटव बाळे. आपण शहरात आहोत, ती म्हातारी गावात आहे. तिचं काय होईल?"

मी त्यांच्यादेखत सखूबाईला फोन लावला. तिची दोन शेरडं कुणीतरी विष घालून मारली होती. ते तिनं आधी सांगितलं. मग विचारलं, "मी येणार हाय साक्षीला. तू येतीस न्हवं?"

येते, मी म्हटलं. त्या दोघांना उठवलं आणि दार लावलं.

मी मिटवणार नाही. तात्यानं कोर्टात हात जोडले तरी नाही. आईनं अन्न सोडलं तरी नाही. तारखा पडतील तितक्या पडू देत. प्रत्येक तारखेला मी जाईन, आणि त्याला तुरुंगात घातल्याशिवाय थांबणार नाही.